कार्थेजचे पतित आणि क्षमेची मुदत

इसवी सन 250. रोमन सम्राट डेशियसच्या हुकमानुसार प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा, त्यातला घास खायचा आणि तसे केल्याचा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये पपायरसवरचे असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. त्यांवर अर्जदाराचे नाव, गाव, आपण देवांना नेहमीच भजत आलो असे निवेदन आणि खाली साक्षीच्या सह्या आहेत.

आजच्या ट्यूनिसजवळच्या कार्थेज शहरात त्या वर्षी ख्रिस्ती समाजाची दैना झाली. कोणी पकडायला येण्याआधीच लोक आपण होऊन बळी द्यायला धावले. गर्दी इतकी, की संध्याकाळ झाल्यावर अधिकाऱ्यांना काहींना दुसऱ्या दिवशी बोलवावे लागले, असे तिथल्या बिशप सिप्रियनने लिहून ठेवले आहे. काहींनी बळी दिलाच नाही, पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. थोडे मात्र ठाम राहिले. ते तुरुंगात गेले, काहींचे प्राणही गेले.

251 मध्ये छळ ओसरला आणि पतित ठरलेली ही माणसे चर्चकडे परत येऊ लागली. त्यांना घ्यायचे का?

उत्तर सोपे नव्हते. याच शहरातल्या टर्टुलियनने सुमारे पन्नास वर्षांपूर्वी सहनशीलतेवर ग्रंथ लिहिला होता. देव सज्जन-दुर्जन दोघांनाही सारखाच उजेड देतो, हा त्याचा आधार. पुढे तोच कर्मठ बनला आणि व्यभिचारासारख्या घोर पापांची क्षमा चर्चने करूच नये, असे मांडू लागला. रोममध्ये आता नोव्हेशियन हा धर्मगुरू पतितांबद्दल तेच म्हणत होता. दुसऱ्या टोकाला श्रद्धेसाठी तुरुंग भोगलेले साक्षीदार होते. ते पतितांना क्षमेच्या चिठ्ठ्या देत सुटले. चिठ्ठीत 'अमका आणि त्याची माणसे' एवढेच असे, तेव्हा एका चिठ्ठीवर वीस-तीस जण आत येतील, अशी सिप्रियनची तक्रार होती.

सिप्रियनची स्वतःची बाजूही नाजूक होती. छळाच्या काळात तो लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला बोल लागत होता. तरीही 251 च्या धर्मसभेत त्याने जो मार्ग काढला, तो मला या साऱ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यांनी नुसता दाखला घेतला, त्यांची प्रकरणे एकेक करून तपासायची आणि त्यांना परत घ्यायचे. ज्यांनी खरोखर बळी दिला, त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करायचे. मृत्युशय्येवर मात्र त्यांना समेट नाकारायचा नाही. दोनेक वर्षांत नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांनाच आत घेण्यात आले. झुंजायला जाणाऱ्याला निःशस्त्र कसे पाठवायचे, असा त्यामागचा विचार होता.

देवाची सहनशीलता ही अशी ठरावांत आणि मुदतींत उतरली. तिने चूक झाकली नाही आणि चुकलेल्याला टाकलेही नाही.

256 मध्ये, बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर रोमच्या बिशपशी कडाक्याचा वाद चालू असताना, सिप्रियनने सहनशीलतेचे महत्त्व सांगणारा ग्रंथ लिहिला. येशूने आपल्याला धरून देणाऱ्या यहूदाला शेवटपर्यंत सोबत ठेवले, त्याला उघडे पाडले नाही, त्याचे चुंबनही नाकारले नाही, हे त्यात आहे. येशूचे रक्त सांडणाऱ्यांनाही त्याच रक्ताने जीवन मिळते, असेही तो म्हणतो. पुढच्या छळात, 14 सप्टेंबर 258 रोजी, सिप्रियनचा शिरच्छेद झाला. या वेळी तो लपला नव्हता.

325 च्या निकाया धर्मसभेने पुन्हा मुदत घातली: सक्तीशिवाय श्रद्धा सोडणाऱ्यांना प्रभुभोजनापर्यंत परतायला बारा वर्षे. मरणाऱ्याला मात्र अखेरचे प्रभुभोजन नाकारू नये, हेही तिथेच ठरले. त्याच सभेने नोव्हेशियनच्या पंथातल्या धर्मगुरूंना त्यांच्या पदांसह परत घ्यायची तयारी दाखवली. त्यासाठी त्यांनी लेखी द्यायच्या गोष्टींत एक अशी होती: छळात डगमगलेल्यांसोबत आम्ही प्रभुभोजनाला बसू.