ऐसपैस बसा, दहा मावता कामा नयेत

पाय पसरून बसा. कोपरंही जरा बाहेर काढा. ही नाव आठांतच भरली, असं दिसायला हवं.

१९४२ चा उन्हाळा आहे आणि तुम्ही पूर्व बंगालात, बारिशालच्या घाटावर आहात. चपला हातात घेतल्यात ते बरं केलंत. ओहोटीने उघडा पडलेला कीर्तनखोला नदीचा गाळ पाय घोट्यापर्यंत ओढून घेतो. हवा इतकी दमट, की घाम वाळतच नाही. तागाचा वास, सुक्या मासळीचा वास, फळ्यांना चोपडलेल्या गाबफळाच्या रसाचा तुरट दर्प, सगळं एकदमच नाकात शिरतं. आगबोटीचा भोंगा वाजतो आणि शेजाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तुटतं. तरी कळतंच. आज घाटावर सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा आहे, दहा.

जपानी फौज ब्रह्मदेशात पोचलीय. ती इकडे आलीच तर तिच्या हाती नावा लागू नयेत, म्हणून दहा किंवा जास्त माणसं नेणारी प्रत्येक नाव नोंदवायची आणि किनारपट्टीतून हलवायची, असा हुकूम आहे.

आला बघा कारकून. नावाडी हात जोडतो, “आठच बसतात, बाबू.”

सकाळी याच नावेतून तुम्ही चौदाजण आलात. मांडीवर कुणाचं तरी पोर होतं, गुडघ्याला मडक्यांची उतरंड टोचत होती. पण आता गप्प राहा. या खोट्यात मनापासून सामील व्हा. या मुलखात रस्ते जवळजवळ नाहीतच. कुंभाराची माती नावेतून येते, मडकी नावेतून बाजाराला जातात. कोळी नदीच्या मुखाशी जातो तो नावेतून आणि शेतकरी चरावर, म्हणजे नदीतल्या बेटावर, पेरणीला जातो तोही नावेतूनच.

“सरका!” कारकून काठावरच्या दोघांना आत चढवतो. फळी करकरते, नाव एका अंगाला कलते, शेजाऱ्याची ओली बंडी तुमच्या दंडाला चिकटते. नऊ. दहा. आणि पाणी अजून वीतभर खालीच.

उतरा. नाव गेली.

भरपाई मिळेल म्हणतात. पण भरपाईत बसून नदी ओलांडता येत नाही. नोंदवलेल्या सुमारे ६६,००० नावांपैकी ४६,००० च्या आसपास अशाच जातील. जमा केलेल्यांतल्या कित्येक देखभालीवाचून कुजतील. तुमचा नावाडी मात्र आत्ताच गर्दीत घुसलाय, घसा ताणून विचारतोय, चरावर सोडणारी कुणाची छोटी होडी आहे का? पेरणी तोंडावर आलीय. त्याच्या मागोमाग चला, तुम्हालाही पलीकडेच जायचंय.