मनगट, पानपिंपरी आणि चिनी सुई

मंडळी, आज आपण अंजनगाव सुर्जीच्या निमित्तानं चीनबद्दल बोलणार आहोत. या गावाचा इतिहास म्हटला की 30 डिसेंबर 1803 चा तह आठवतो, दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला. आपण मात्र आज मनगटाचा इतिहास पाहू.

इथल्या बारी समाजानं पानमळे आणि पानपिंपरी जपली. पानं खुडायची, पिंपरीची फळं एकेक करून तोडायची. अंगठा आणि मनगट दिवसभर एकाच चालीनं चालतात. मग अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, ओलं कापड पिळता येत नाही. आपण म्हणतो, मनगट धरलं. 1895 साली फ्रिट्झ द कर्वेन या स्विस शल्यविशारदानं याच दुखण्याची नोंद केली. अंगठ्याच्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. तिथलं आवरण जाड झालं की त्या घासतात.

चिनी वैद्यकात या जातीच्या दुखण्याला 'बी' म्हणतात. वारा, थंडी आणि ओल एकत्र येऊन वाट अडवतात, अशी त्यांची उपपत्ती. उपाय काय? मावांगदुईच्या इ.स.पू. 168 मधल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले ग्रंथ 1973 साली सापडले. त्यात शरीरातल्या वाहिन्यांचं वर्णन आहे, आणि त्यांच्या दुखण्यावर शेक सांगितला आहे. सुई त्यात नाही. हा शेक आपल्या दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीची वाळलेली पानं जाळून देतात. सुईचं सविस्तर शास्त्र पुढे आलं. आज मनगटाच्या ज्या खळग्यात सुई टोचतात, त्या बिंदूचं नाव 'यांगशी', म्हणजे यांगचा ओढा.

आपल्याकडे सुश्रुतानं अग्निकर्मात शिरा, स्नायू, सांधे यांच्या दुखण्यावर मध, गूळ, तेल-तूप तापवून वापरायला सांगितलं. त्वचेसाठीच्या साधनांत तर पिंपळीच आहे! आणि हीच पिंपळी चीनला गेली. नवव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात ती मगध देशाची म्हणून नोंदली आहे. तिचं चिनी नाव 'बीबो' हे 'पिप्पली'वरूनच आलं.

उलट दिशेनं सुई कशी आली? 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसू होते. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि 1959 पासून कलकत्त्यात ते करू लागले. महाराष्ट्रानंही या पद्धतीसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा केला.

आता सरळ प्रश्न: सुईनं मनगट बरं होतं का? इराणमध्ये 2014 साली छापून आलेल्या एका चाचणीत 30 रुग्ण होते. अर्ध्यांना सुया, अर्ध्यांना स्टेरॉइडचं इंजेक्शन. दोन्हीकडे दुखणं कमी झालं, इंजेक्शनवाल्यांचं थोडं जास्त. तीस माणसांवरून मोठा दावा करता येत नाही, पण आराम पडू शकतो एवढं म्हणता येतं. सुई निर्जंतुक हवी आणि टोचणारा शिकलेला हवा. हात लाल होऊन सुजला किंवा बोटं बधिर झाली, तर आधी डॉक्टर गाठावा.

पण शेक घ्या, सुई घ्या नाहीतर इंजेक्शन, सगळ्यांच्या सोबत एक पथ्य येतंच: हाताला विसावा. पट्टी बांधून अंगठा काही आठवडे स्थिर ठेवायचा. ज्या बाईची मजुरी त्याच अंगठ्यावर आहे, तिनं हा विसावा कुठून आणायचा? औषधं मगधातून चीनला गेली, चीनमधून कलकत्त्याला आली. विसावा मात्र शेताच्या बांधापर्यंत अजून पोहोचायचा आहे. तोडणीत मधे सुट्टी, कामाची अदलाबदल, दुखऱ्या हाताला हलकं काम, एवढं तरी आपल्या हातात आहे.