स्मिथ, जेफ
(१४ ऑक्टोबर १९३४ – ). इंग्रज मोटोक्रॉसपटू, ५०० सीसी गटातील १९६४ व १९६५ चा जगज्जेता. जन्म लँकेशर परगण्यातील कोन येथे. बीएसए या मोटारसायकल कंपनीत उमेदवारी करीत असतानाच तो शर्यतींत उतरला. प्रारंभी त्याचे नाव झाले ते ट्रायल्स प्रकारात. त्यात वेगापेक्षा तोल महत्त्वाचा. पाय जमिनीला टेकला की गुण जातात. १९५५ मध्ये त्याने स्कॉटिश सहा दिवसांची ट्रायल जिंकली. चिखलात गाडी सावरण्याचे त्याचे कसब बहुधा याच तालमीतून आले असावे.

मोटोक्रॉसमध्ये तो आधी बीएसएची वजनदार ‘गोल्ड स्टार’ चालवी. पुढे कंपनीने आपल्या २५० सीसी गाडीवरून हलकी फोर-स्ट्रोक गाडी विकसित केली. तिची क्षमता पूर्ण ५०० सीसी नव्हती, पण वळणावर व उतारावर ती चटकन हाताशी येई. तिच्यावर स्मिथने १९६४ मध्ये स्वीडनच्या रॉल्फ टिबलीनला मागे टाकून विजेतेपद मिळविले व पुढील वर्षी ते राखले. तिचीच बाजारी आवृत्ती म्हणजे ‘४४१ व्हिक्टर’.

१९६६ मध्ये कंपनीने टायटॅनियमचा सांगाडा वापरला. वजन घटले खरे. परंतु सांगाडा टिकेना, आणि टायटॅनियमची वेल्डिंग निष्क्रिय वायूच्या आवरणाविना होत नसल्याने मैदानावर दुरुस्ती अशक्य. पूर्व जर्मनीचा पॉल फ्रीडरिक्स टू-स्ट्रोक सीझेडवर विजेता ठरला. यानंतर ५०० सीसी विजेतेपद ब्रिटनकडे परतले ते १९७९ मध्ये, ग्रॅहम नॉइसमुळे.

१९७० मध्ये स्मिथला ‘एमबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला. नंतर तो कॅन-ॲम मोटारसायकलींच्या विकासकार्यात सहभागी झाला.