जाणणे आणि आवरणे

आपण काय करीत आहोत हे मनुष्य जाणतो, आणि तरीही स्वतःला आवरू शकत नाही. अशा मनुष्याच्या हातून गुन्हा घडल्यास न्यायाने काय करावे? संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात ह्याच द्वंद्वाची वेदना बोलून दाखविली आहे. फौजदारी कायद्याने मात्र ह्या प्रश्नाचे उत्तर कठोरपणे दिले.

१८४३ मध्ये लंडन येथे डॅनियल मॅक्नॉटन ह्याने पंतप्रधान पील ह्यांच्या चिटणिसाला गोळी घातली आणि वेडाच्या कारणास्तव तो सुटला. जनक्षोभ उसळल्यावर न्यायाधीशांनी नियम घालून दिले. त्याच धर्तीवर १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ रचले गेले. कृत्याचे स्वरूप किंवा ते अनुचित वा बेकायदेशीर आहे हे मनोविकलतेमुळे ज्याला कळू शकत नाही, तोच निरपराध. आमच्या टेंभुर्णीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने ही संहिता येथे १९५१ साली लागू झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये हाच नियम कायम आहे.

ह्या नियमाची कसोटी मुंबई उच्च न्यायालयात १८८६ मध्ये लागली. तापाने अंथरुणास खिळलेल्या लक्ष्मण दगडू नामक इसमाने, मुलांचे रडणे असह्य होऊन, स्वतःच्या दोन लेकरांना कुऱ्हाडीने मारले. त्याने काही लपविले नाही. सारे कबूल केले. तापामुळे तो चिडखोर झाला होता, पण वातभ्रमात नव्हता. म्हणून त्याला आपल्या कृत्याची जाणीव होती, असे ठरवून न्यायालयाने त्यास खुनाचा दोषी मानले.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाचा खटला आला. १९९४ मध्ये त्याने पत्नीस ठार केले होते. त्यानेही काही लपविले नाही, पळ काढला नाही. परंतु येथे वडिलांच्या मनोविकाराचा इतिहास होता, त्याच्यावर झालेल्या उपचारांची नोंद होती, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा उपचारांसाठी न्यावे लागले होते. हा तीव्र स्वरूपाचा छिन्नमनस्कतेचा आजार होता. शिपाई दोषमुक्त झाला.

ह्या दोन टोकांच्या मध्ये असंख्य माणसे उभी आहेत: चोरीचा अनावर मोह होणारे, संतापाच्या झटक्यात भान हरपणारे, चिंतारोगाने पोखरलेले. त्यांना कलम ८४ ने आश्रय दिला नाही. इंग्लंडने १९५७ साली खुनाच्या खटल्यात अंशतः जबाबदारीचे तत्त्व स्वीकारले. आपल्या कायद्यात ते नाही. फार तर शिक्षा ठरविताना न्यायाधीश आजाराचा विचार करतात. २०१९ मध्ये महाराष्ट्रातीलच एका कैद्याची फाशी, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोविकारामुळे, जन्मठेपेत बदलली गेली.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधानातील कलम १३२४ मधला मार्ग दाखविते. ज्याची विवेकशक्ती अपुरी होती, किंवा जो तीव्र भावनावेगाच्या अधीन झाला, त्याची शिक्षा सौम्य करावी, असे ते सांगते. मात्र तो आवेग त्याने मुद्दाम चेतविलेला नसावा. येथे दोष पुसला जात नाही, तो मोजला जातो.

कुटुंबांनी ह्यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घरातील मनोविकार लाजेने झाकून ठेवल्यास रुग्ण उपचाराला मुकतो. आणि एखादा अनर्थ घडलाच, तर त्याच्या आजाराची साक्ष द्यायला कोणताही कागद उरत नाही. शिपायाला दयेने नव्हे, पुराव्याने वाचविले. उपचार वेळेवर झाले, तर पुष्कळदा न्यायालयाची पायरीही चढावी लागणार नाही, आणि एखाद्या निष्पाप जीवाचे रक्षण होईल.