कवडीचे मोल

परभणी जिल्ह्यातले राणीसावरगाव रेणुकादेवीचे. अशा देवीस्थानी आराधी भेटतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात झांज; सोबतच्या गोंधळ्याच्या कमरेला संबळ. पण मराठवाड्यात समुद्र कुठला? मग कवडी आली कुठून?

मालदीव बेटांवरच्या कवड्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून भारतात येत. १९व्या शतकापर्यंत देशाच्या अनेक भागांत त्या सुट्या पैशांसारख्या चालत. पुढे धातूच्या नाण्यांनी त्यांना बाजारातून हुसकावले. आपल्या बोलण्यात ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ तेवढी उरली.

आराध्याच्या गळ्यात मात्र कवडीची किंमत घटली नाही. माळ घातली, की झांज वाजवत दारोदार जोगवा मागण्याचे व्रत आले. बाजारात जिचे काही येत नाही, त्या कवडीसाठी माणूस आयुष्य मोजतो.