ऐनाच्या गाठीवरची परीक्षा

कोकणात नव्या कोयत्याची परीक्षा लोहारसाळीत संपत नसे. ती व्हायची राबाच्या तोडणीत. हिवाळ्यात ऐन, किंजळ यांचे टहाळ तोडून वाळवायचे आणि पावसाआधी भाताच्या रोपांच्या जागेवर जाळायचे. त्यासाठी कमरेच्या आकडीला कोयता अडकवून झाडावर चढायचे. एका हाताने फांदी धरलेली, दुसऱ्या हाताचा घाव. तिथे पाते मोडले किंवा मुठीतून निसटले तर जिवावर बेतायचे. म्हणून संगमेश्वराकडे आमचे आजोबा नवा कोयता आणला की आधी जमिनीवर उभे राहून, वाळक्या बांबूच्या पेरावर घाव घालून बघत. मग ऐनाच्या गाठीवर. मग धार उन्हाकडे वर करून डोळ्यांसमोर धरायची. शाबूत धार उन्हात दिसतच नाही. जिथे ती बसली असेल तिथे पांढरी चमक उठते.

ते दोन प्रकारचे दोष वेगळे मोजत. ‘धार वळली तर पाणी कमी पडलं, खांडा पडला तर पाणी जास्त झालं,’ असे म्हणायचे. पाणी म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवून कडक करणे. वळलेली धार दगडावर पाजवून सरळ होते, म्हणून तिला ते माफ करत. खांडा पडलेला कोयता मात्र परत भट्टीत गेलाच पाहिजे.

या निवाड्यामागे लोखंडाचा मोठा इतिहास आहे. सह्याद्रीत, महाबळेश्वराच्या डोंगरात, धावड लोक जांभ्यातले खनिज लोणारी कोळशावर गाळून लोखंड काढत. ते लोखंड मऊ. त्याची नुसती धार टिकत नाही. पोलाद महाग. त्यामुळे लोहार कोयत्याचे अंग साध्या लोखंडाचे करी आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, घणाने ठोकून त्यात एकजीव करी. सांधा नीट बसला नसेल तर तो पहिल्याच गाठीवर उकलायचा. एकोणिसाव्या शतकात जंगलांवर सरकारी बंधने आली, जहाजांतून स्वस्त विलायती लोखंड उतरू लागले आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. डोंगरातला एक अख्खा धंदा गेला, आणि त्याची आठवण आपण फारच थोडी ठेवली, याचे मला वाईट वाटते.

पुढे मोटारी आल्या. भंगारात निघालेला कमानपाटा लोहारांना सापडला आणि कोयता बदलला. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त. वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच ते घडवलेले. सांधा मारायची गरज संपली. पण वर्षानुवर्षे धक्के खाल्लेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असतात. जाणता लोहार पाटा टांगून हातोडीने वाजवतो. आवाज बसका आला तर तो तुकडा बाजूला काढतो.

खरे कौशल्य पाणी देण्यात. पाते लाल करून फक्त धारेची बोटभर कड पाण्यात बुडवायची, लगेच बाहेर काढून दगडावर घासायची आणि रंग बघत बसायचे. पाठीतली ऊब धारेकडे सरकते तसा उघड्या पोलादावर आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा रंग चढतो. पिवळ्यावर थांबवले तर धार कडक पण ठिसूळ, निळ्यावर गेले तर चिवट पण मऊ. लाकडावर मारायच्या कोयत्याला या दोहोंमधला रंग लागतो, आणि तो साधायला क्षणभरच मिळतो. नेपाळचे कामी खुकरीच्या तापलेल्या धारेवर किटलीने पाण्याची धार धरतात. हेतू तोच, धार कडक आणि पाठ चिवट.

पात्याची अशी परीक्षा इतरत्रही घेतात. पाती घडवणाऱ्यांची अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी 1976 मध्ये स्थापन झाली. तिच्या परीक्षेत उमेदवाराच्या सुरीने टांगलेला इंचभर जाडीचा दोर एका घावात तुटावा लागतो, लाकडी फळी दोनदा तोडावी लागते, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघावे लागतात. शेवटी पाते शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून 90 अंशांत वाकवतात. मला ही परीक्षा मनापासून आवडते. तिच्यात धार आणि चिवटपणा दोन्ही एकाच पात्याकडून मागितले आहेत. पण तिथे पाते वाया जाते. आमच्याकडे ते परवडणारे नव्हते.

आमच्या परीक्षेला बळ होते ते बलुत्याचे. लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याचा, मेहनत लोहाराची, मोबदला सुगीला भातात. कोयता बिघडला तर तो त्याच लोहाराकडे यायचा आणि पुन्हा शेवटून, म्हणजे धार नव्याने घडवून, द्यायचे काम त्याच्याच अंगावर पडायचे. त्रि. ना. आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेतली ओढाताण आणि अन्याय दोन्ही दिसतात, आणि ती गेली ते योग्यच झाले. तरी घडवणारा आणि वापरणारा यांच्यातली ती तक्रारीची वाट तिच्याबरोबर बंद झाली. आता आठवडी बाजारात गिऱ्हाईक कोयता दगडावर वाजवतो, नखावर धार फिरवतो, मूठ हलते का बघतो आणि पैसे देतो. गाठीवरचा घाव तो घरी गेल्यावर घालतो, आणि खांडा पडला तर विकणारा पुढच्या गावाच्या बाजारात असतो.