भाव उतरतो, देणं उतरत नाही



एखादी वस्तू हळूहळू महाग होते, तेव्हा आपण थोडी कुरकुर करतो आणि सवय करून घेतो. पण कधीकधी भाव असा काही उसळतो की वर्षा-दोन वर्षांत तिप्पट-चौपट होतो. मग घरोघरी हिशेब बदलतात. कुणी शेत वाढवतं, कुणी घर बांधायला काढतं, कुणी लग्न मोठं करतं. आज आपण अशाच एका उसळीची गोष्ट ऐकणार आहोत. ती सुमारे १६० वर्षांपूर्वीची आहे आणि कापसाची आहे. तिची सुरुवात सातासमुद्रापार झाली आणि तिचा शेवट पुणे जिल्ह्यातल्या एका गावच्या बाजारात कर्जाचे कागद जाळण्यात झाला. या दोन टोकांच्या मध्ये काय घडलं, ते आपल्या कामाचं आहे.

१८६१ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेची राज्यं एका बाजूला, दक्षिणेची दुसऱ्या बाजूला. दक्षिणेत गुलामांच्या कष्टावर कापूस पिकत असे आणि तो इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जात असे. त्या गिरण्यांना लागणाऱ्या दर पाच गाठींपैकी जवळजवळ चार गाठी अमेरिकेच्या असत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि कापूस थांबला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, मजुरांच्या चुली विझल्या. गिरणीमालकांनी मग हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात सरकी आणि कचरा फार, म्हणून एरवी ते नाक मुरडत. आता तोच कापूस मिळेल त्या भावाने घ्यायला ते तयार झाले.

खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड इथला कापूस मुंबई बंदरातून जाई. मुंबईच्या बाजारात कापूस खंडीने विकला जाई. खंडी म्हणजे ७८४ पौंड, आजच्या हिशेबात साडेतीनशे किलोंच्या वर. १८६१ ते १८६४ या काळात या खंडीचा भाव तिप्पट-चौपट झाला. लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला जुना कापूस विकला, असं सांगतात. भेसळही इतकी माजली की १८६३ साली सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. नेहमीच्या भावाने जे मिळालं असतं त्याच्यावर सात-आठ कोटी पौंड जादा या चार-पाच वर्षांत मुंबईत आले, असा अंदाज पुढे मांडला गेला.

हा पैसा शेतापर्यंत पोहोचला का? काही प्रमाणात नक्की पोहोचला. नागपूर-वर्ध्याकडच्या काही शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, नांगराला चांदीचे फाळ लावले, अशा हकीकती त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. त्यातली अतिशयोक्ती सोडून दिली, तरी हातात पैसा खेळत होता हे खरं. आणि हे काम नुसतं पुरुषांचं नव्हतं. कापूस वेचायच्या बायकाच. सरकी काढायचं कामही तेव्हा बऱ्याच ठिकाणी घरोघरी बायकाच हाताच्या लाकडी चरकीवर करत. चार वर्षं या चरक्यांना विसावा नव्हता.

मुंबईत मात्र वेगळंच वेड शिरलं. इतका पैसा आला, तो ठेवायचा कुठे? मग कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या, बँका, विम्याच्या कंपन्या. १८६५ सालच्या सुरुवातीला एकट्या मुंबईत ३१ बँका आणि २० विमा कंपन्या होत्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५ हजार रुपयांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखाली होती आणि तिचा भाव आकाशात होता. कापसाचा आणि शेअर बाजाराचा राजा म्हणून प्रेमचंद रायचंद यांचं नाव साऱ्या शहराच्या तोंडी होतं. त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. तो मनोरा त्यांच्या आईच्या नावाने आजही उभा आहे, तोच राजाबाई टॉवर.

शहरात माणसांचा पूर आला. १८६४ साली मुंबईची पहिली खानेसुमारी झाली, तेव्हा ८,१६,५६२ माणसं मोजली गेली. घरभाडं चढलं, धान्य महागलं.

मग १८६५ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं. बातमी मुंबईत पोहोचली तसा कापूस कोसळला. कापसाच्या जोरावर उभे असलेले शेअर कोसळले. पुढच्या तारखेचे वायद्याचे सौदे होते, त्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणेकरीच सगळे, देणारा कुणी नाही, अशी गत झाली. मोठमोठ्या पेढ्या बसल्या. प्रेमचंद रायचंद यांचंही दिवाळं वाजलं. शेअर तारण घेऊन कर्ज वाटलेली बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. १८७२ साली पुन्हा माणसं मोजली, तर मुंबईत ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत शहर पावणेदोन लाखांनी रोडावलं.

मुंबईची गोष्ट बरेचदा इथेच संपवतात. शेठजी बुडाले, चार इमारती मागे राहिल्या, झालं. आपल्याला पुढे जायचं आहे, कारण शेठजींचं दिवाळं एका दिवसात वाजलं, पण गावाला चढाची किंमत भरायला दहा वर्षं लागली.

आता भीमथडी, शिरूर, इंदापूर या भागाकडे वळू. हा कापसाचा मुलूख नव्हे. इथे ज्वारी-बाजरी, आणि पाऊस लहरी. तरी मुंबईची तेजी इथेही आली. ती आली चढलेल्या धान्याच्या भावातून, गाडीभाड्यातून, रेल्वेच्या आणि सरकारी बांधकामांच्या मजुरीतून. आणि ती आली सावकाराच्या मोकळ्या हातातून. भाव चढा असतो तेव्हा जमीन मोलाची वाटते आणि कर्ज सहज मिळतं. बैल घ्या, विहीर काढा, लग्न करा. कागदावर अंगठा उठवला की झालं.

याच सुमारास सरकारनेही आपला हिशेब मांडला. इंदापूर तालुक्यात १८३६ साली शेतसारा ३० वर्षांसाठी ठरवलेला होता. त्याची मुदत संपली १८६६ साली. म्हणजे फेरआकारणी झाली ती महागाईचे भाव डोळ्यांपुढे असताना. साहेबांनी बाजारभाव पाहिले, रेल्वे पाहिली आणि सारा चांगलाच चढवला. मग एकेक करून शेजारच्या तालुक्यांतही तेच झालं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. पण तोवर १८७० नंतर धान्याचे भाव उतरू लागले होते. भाव खाली आला, सारा वरच राहिला.

कर्जाची गोष्ट तर याहून वाईट. १८५९ साली मुदतीचा एक कायदा आला. त्याप्रमाणे साध्या खतावरचा दावा तीन वर्षांत लावला नाही, तर तो बुडायचा. हेतू चांगला होता. जुनी-पुराणी खतं काढून कुणी कुळाला नाडू नये. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत लिहून घेई, आणि राहिलेलं व्याज मुद्दलात घाली.

मैत्रिणींनो, वही-पेन्सिल जवळ असेल तर हा हिशेब मांडून बघा. समजा १०० रुपये घेतले, व्याज दरमहा शेकडा २ रुपये. म्हणजे वर्षाचे २४, तीन वर्षांचे ७२. काहीच फिटलं नाही, तर तीन वर्षांनी नवं खत होईल १७२ रुपयांचं. आता व्याज १७२ वर. आणखी तीन वर्षांनी खत होईल जवळजवळ २९६ रुपयांचं. आणखी तीन वर्षांनी ५०९ रुपयांचं. नऊ वर्षांत शंभराचे पाचशे नऊ. पहिल्या तीन वर्षांत वाढले ७२, शेवटच्या तीन वर्षांत वाढले २१३. आपल्याकडे दामदुपटीचा जुना रिवाज होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. पण मुद्दलच दर तीन वर्षांनी फुगत गेलं, तर तो रिवाज करणार काय?

म्हणजे इथे दोन चढ होते. एक कापसाचा, तो चार वर्षांत चढला आणि काही आठवड्यांत कोसळला. दुसरा कर्जाचा, त्याला उतारच नव्हता. पहिल्या चढाची बातमी सगळ्या जगाला झाली. दुसरा सावकाराच्या कपाटात गुपचूप वाढत राहिला.

१८७४ सालच्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी ठिणगी पडली. एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा आणून गावातल्या देशमुखाचं घर लिलावात घेतलं. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेतं कुणी करेना, पाणी कुणी भरेना, हजामत कुणी करेना. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडीतल्या सुपे गावात बाजारच्या दिवशी आसपासच्या गावांतले लोक जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत गेलं. लोकांना हवे होते कागद. खतं आणि कोर्टाचे हुकूमनामे बाहेर काढायचे आणि गावासमोर जाळायचे. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने दिले, त्याला बहुधा कुणी हात लावला नाही. शेकडो माणसं पकडली गेली.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक गोष्ट मोलाची होती. न्यायाधीशाने नुसत्या शेवटच्या खतावरचा आकडा पाहायचा नाही, मागचा सगळा व्यवहार उलगडून पाहायचा. मुळात किती रुपये हातात पडले, व्याजाचे किती झाले, हे विचारायचं. वरच्या हिशेबातले ५०९ पुसून पहिले १०० शोधायचे. लोकांनी कागद जाळून जे मागितलं होतं, ते थोडंफार कायद्यात आलं.

पण त्याआधी १८७६-७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. ज्यांच्या घरात कर्जाने काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं, त्यांना तो सर्वात जास्त भोवला. त्या दुष्काळात घराघरातले चांदीचे दागिने मोडीला निघाले आणि मुंबईच्या टाकसाळीत वितळायला गेले. खतावर बहुधा घरातल्या पुरुषाचा अंगठा असे. फेडताना मात्र बाईच्या पायातले वाळे आणि दंडातली वाकी गेली.

आता आजकडे येऊ. २०२२ साली आपल्याकडे कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता, हे तुम्हाला आठवत असेल. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला, आणि शेवटी सात-आठ हजारांना विकला. त्याआधी २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन १० हजारांपर्यंत गेलं आणि नंतर निम्म्यावर आलं. भाव चढला म्हणून आनंद करू नये, असं आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या घरात चार पैसे आले तर ते हवेच आहेत. राजाबाई टॉवर उभा आहे आणि त्याखालच्या ग्रंथालयात आजही मुलं-मुली अभ्यास करतात, तो त्याच तेजीचा पैसा. तेजीत जे रोख देऊन बांधलं, ते टिकलं.

धोका असतो तो चढाच्या माथ्यावर ठरवलेल्या देण्याचा. म्हणून भाव उसळला की घरात आणि बचत गटात एक प्रश्न विचारायची सवय लावू या: उद्या भाव उतरला तर याच्याबरोबर काय काय उतरणार आहे? कापसाचा भाव उतरेल. पण ट्रॅक्टरचा हप्ता उतरेल का? मक्त्याने घेतलेल्या शेताचा मक्ता उतरेल का? सोन्याचा भाव चढला की त्याच पाटलीवर जास्त कर्ज मिळतं. सोनं उतरलं तर ते कर्ज उतरेल का? ज्या गोष्टी उतरणार नाहीत, त्या नेहमीच्या भावाने परवडतील एवढ्याच घ्यायच्या.

आणि दुसरं. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज घ्यायची वेळ आली, तर त्या १८७९ च्या न्यायाधीशासारखं बसायचं. वही उघडायची, अगदी पहिल्या दिवशी हातात किती पडले होते ते लिहायचं, आजवर किती भरले ते लिहायचं, आणि मग आजचा आकडा बघायचा. सही कुणाचीही असो, हा हिशेब घरातल्या बाईला माहीत असलाच पाहिजे. कारण मोडायची वेळ येते तेव्हा पहिल्यांदा हात तिच्याच डब्याकडे जातो.